जेनोवाचे दोन ओबेर्तो: तोडगा की टोळीराज्य?

दर्यावर्दी: ऑक्टोबर १२७० मध्ये ओबेर्तो दोरिया आणि ओबेर्तो स्पिनोला यांनी इटलीतल्या जेनोवा या बंदरशहराची सत्ता बळकावली आणि दोघंही ‘लोकांचे कप्तान’ झाले. भांडकुदळ घराण्यांच्या त्या शहराला याहून बरा तोडगा सापडला नाही, असं माझं मत. ११९१ मध्ये बाहेरगावचा पोदेस्ता, म्हणजे पगारी प्रशासक, आणून पाहिलाच होता. पण तो मुदतीचा पाहुणा आणि गल्लोगल्लीचे घराण्यांचे बुरूज कायमचे. उलट या दोघांच्या काळात, १२८४ ला मेलोरिया बेटाजवळ पिसा या प्रतिस्पर्धी शहराचं आरमार बुडालं. दोरियाने बेनेदेत्तो झाकारियाच्या सुमारे ३० गलबतांची तुकडी मागे राखून ठेवली होती. लढाई रंगल्यावर ती बाजूने घुसली.

तिरकी_वीट: तोडगा कोणासाठी? मोठी घराणी चार. दोरिया-स्पिनोला सम्राटाच्या पक्षाचे, फिएस्की-ग्रिमाल्दी पोपच्या. तुमच्या हिशोबात निम्मे बाहेरच! आणि हद्दपार केलेला सरदार घरी बसत नाही, किनाऱ्यावरचा एखादा गड धरतो. जानेवारी १२९७ मध्ये फ्रान्चेस्को ग्रिमाल्दीने मोनाको घेतलं ते असंच (साधूच्या वेशात, असं सांगतात). त्याआधी १२९६ च्या रस्त्यावरच्या मारामाऱ्यांत सान लोरेन्झोचं कॅथेड्रलही जळालं. मेलोरियाचा विजय आरमाराचा, राज्यव्यवस्थेचा नव्हे.

गल्लीबोळ: दोघंही माणसांकडे बघताय, ‘अल्बेर्गो’कडे, म्हणजे एका आडनावाखाली बांधलेल्या घरांच्या गटाकडे बघा. लहान घरं आपलं आडनाव टाकून बड्या घराण्याचं आडनाव लावत आणि एकाच मोहल्ल्यात राहत. सान मात्तेओच्या चौकात आजही दिसतं: दोरियांचं चर्च, काळ्या-पांढऱ्या दगडांचे पट्टे आणि पांढऱ्या पट्ट्यांवर त्यांच्या विजयांचे लेख कोरलेले. शहराच्या आरमाराने मिळवलेला विजय, नोंद मात्र खासगी भिंतीवर! दुखणं इथे आहे. १३३९ ला सरदारांना दोजेपदाची, म्हणजे शहराच्या प्रमुखपदाची, बंदी झाली, तर अदोर्नो आणि फ्रेगोसो ही बिगरसरदार घराणी त्याच पदासाठी भांडत बसली. १५२८ ला त्याच दोरिया घराण्यातल्या आंद्रेआ दोरिया या आरमारप्रमुखाने दुखण्याचंच औषध केलं: सहा नांदती घरं असतील त्याच घराण्याला अल्बेर्गोचा दर्जा. असे २८ ठरले. अदोर्नो-फ्रेगोसोंना स्वतःचा मिळालाच नाही, त्यांना इतरांत वाटून टाकलं. दोजेची मुदत दोन वर्षं.

तिरकी_वीट: औषध छान, पण वैद्य दोरियाच. म्हणून तर १५४७ च्या जानेवारीत जान लुइजी फिएस्कीने एका रात्री बंदरातल्या दोरियांच्या गलबतांवर हात टाकला. शहर जवळजवळ हाती आलं होतं. फळीवरून पाय घसरला आणि गडी चिलखतासकट बुडाला.