सबवूफर घुरघुरतो म्हणजे प्लेटच बदला?
सबवूफरमधून (खोल आवाजाच्या स्पीकरमधून) घुरघुर येते म्हणजे आउटपुट ट्रान्झिस्टर (स्पीकरला ताकद देणारे भाग) गेले, अख्खी अँप प्लेट (मागची अँप्लिफायरची पाटी) बदला, असा सल्ला एकाने दिलाय, तो पटला नाही. ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर बहुधा फ्यूजच उडतो. आधी आरसीए वायर (आवाजाचा सिग्नल आणणारी) काढा. आवाज थांबला तर दोष बहुधा अर्थिंगच्या लूपचा (जोडलेल्या उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या नकोशा करंटचा). तरीही 100 हर्ट्झची घुरघुर राहिली, तर बहुधा फिल्टर कपॅसिटर (वीजपुरवठ्यातले चढउतार सपाट करणारे) वाळलेत.

माझा सबवूफर आपोआप चालूच होईना. स्टँडबायचा भाग चोवीस तास तापत राहतो, त्यात बंद खोका! तिथला 47 मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर बदलला, शेजारचा काळपटलेला गोंद खरवडला (तो जुना झाला की वीज वाहू लागतो, हे मला तेव्हाच कळलं). नंतर सिरीज बल्ब (शॉर्ट असेल तर करंट आटोक्यात ठेवणारा) लावूनच चालू केला. मोठे कपॅसिटर मात्र हात लावण्याआधी रेझिस्टरने डिस्चार्ज करा, स्क्रूड्रायव्हरने नको.