मदत हवी आहे: पावसात काढलेल्या फोटोत पाऊसच दिसत नाही

मंडळी, नमस्कार. फोटोग्राफीवरचा हा माझा पहिलाच धागा, प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

माझ्या मामाचं गाव मुळशी खोऱ्यात, ताम्हिणीच्या रस्त्याला. यंदा भातलावणीला मुद्दाम दोन दिवस रजा टाकून गेले. डोक्यात फोटो आधीच तयार होता: खाचरात वाकलेल्या बायका, हातात रोपांच्या मुठी, पाठीवर इरली आणि वरून कोसळणारी सर. इरली आता कुणाकडेच उरली नाहीत. मामीच्या डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ होती. तेही चाललं असतं. पण घरी येऊन लॅपटॉपवर बघते तर पोपट! पाऊस एवढा होता की शेजारी उभ्या मामीचं बोलणं ऐकू येत नव्हतं, आणि फोटोत एक थेंब दिसेल तर शपथ. वर पांढरंफटक आभाळ, खाली काळपट माणसं आणि डोंगरावरचं धुकं जुन्या बनियनसारखं मळकं.

कॅमेरा जुना डीएसएलआर, सोबत आलेली १८-५५ लेन्स, सगळं ऑटोवर. पाऊस दिसायला नक्की काय करायचं? आभाळाचं काय करू? शिवाय कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली होती, तरी लेन्सवर सारखी वाफ धरत होती, त्याला काही उपाय?

एडिटिंगमध्ये वरून पाऊस टाकणारी अ‍ॅप्स कृपया सुचवू नका. तो सल्ला भावाने दिलाय आणि त्यावर आमचं भांडणही झालंय.

प्रतिसाद १

आभाळ, माणसं, धुकं या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं दृश्य सरासरी मध्यम राखाडी असणार असं धरून चालतो. फ्रेममध्ये अर्धं पांढरं आभाळ आलं की त्याला उजेड जास्त वाटतो, तो एक्स्पोजर (फोटोत घेतला जाणारा उजेड) कमी करतो आणि माणसं काळी पडतात. धुक्याचंही तेच, पांढऱ्याचं राखाडी होतं. धुक्यात एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड आपण कमी-जास्त करायची सोय, +१ करून बघा. लावणीच्या फोटोत मात्र नुसतं +१ करून भागणार नाही, आभाळ आणखी फटफटीत होईल. तिथे आभाळ सरळ कापा. बांधावर उभं राहून कॅमेरा खाली झुकवा, फ्रेमभर फक्त खाचर आणि माणसं. मळभाचा उजेड चारी बाजूंनी सारखा येतो, चेहऱ्यावर कडक सावल्या पडत नाहीत, पोपटी रंग तर असा खुलतो की उन्हात तसा मिळायचाच नाही. ढगांमध्ये आकार असेल, काळ्या ढगांची रांग चढून येत असेल, तेव्हाच आभाळ घ्या.

आता पाऊस. पांढऱ्या आभाळावर पांढरा थेंब कसा दिसणार? मागे काळोख हवा: दाट झाडी, गोठ्याचं उघडं दार, भिजलेली दगडी भिंत. उजेड थेंबांच्या मागून किंवा बाजूने आला तर सोन्याहून पिवळं. मग शटर, म्हणजे ते किती वेळ उघडं राहतं. १/५०० सेकंदाला थेंब सुटे दिसतात, १/६० च्या आसपास त्यांच्या रेघा होतात. आपल्या डोळ्याला पाऊस रेघांचाच दिसतो, म्हणून मला १/६० आवडतं. १/५०० ला त्या लेन्सवर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) ८०० ते १६०० लागेल. फोटोत थोडे दाणे येतील, येऊ देत.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाला +१. जमल्यास सर्क्युलर पोलरायझर (लेन्सवर लावायचा फिरता फिल्टर) घ्या, ओल्या पानांवरची पांढरी चकाकी जाते. उजेड एक-दीड स्टॉप खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). आणि खाचरातल्या पाण्यात माणसांची प्रतिबिंबं हवी असतील तर तो काढून ठेवा किंवा फिरवून बघा, नाहीतर प्रतिबिंबंही पुसली जातील.

वाफेचं म्हणाल तर गाडीत एसी लावून गेला होतात का? थंड काच दमट हवेत आली की वाफ धरणारच. पोहोचायच्या अर्धा तास आधी एसी बंद करा, कॅमेरा बॅगेतच हळूहळू गरम होऊ दे. पिशवीपेक्षा हॉटेलात अंघोळीला मिळते ती शॉवर कॅप बरी, इलॅस्टिकमुळे नीट बसते. लेन्सच्या तोंडाला हूड (पुढे येणारी कड) लावा. घरी आल्यावर मात्र ओला कॅमेरा बॅगेत तसाच ठेवू नका. पुसून पंख्याखाली ठेवा, मग सिलिका जेल टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात. एका पावसाळ्याच्या आळसात माझ्या लेन्सला बुरशी लागली, तिची जाळी अजून आत आहे.

प्रतिसाद ३

थोडा वेगळा मुद्दा. पाऊस दाखवायला पाऊसच कशाला हवा? पागोळ्या, मातीत पडलेले त्यांचे खळगे, चिखलाने बरबटलेले पाय, चुलीशी वाळत घातलेले कपडे, एसटीच्या काचेवरचे थेंब आणि पलीकडे धूसर गाव. काचेवरच्या थेंबांवर फोकस करा, मागचं आपोआप विरघळतं. आणि ऑटो सोडा हो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. एसीचं बरोबर ओळखलंत! रविवारी पुन्हा जाऊन आले. लावणी उरकली होती, पण मी समोरच्या पडवीत बसून गोठ्याचं दार फ्रेममध्ये धरलं. मामी वैरण घेऊन आत जाताना एक सर आली आणि काळ्या दारावर पाऊस चक्क दिसला! मीच ओरडले, म्हैस दचकली.

आता नवी अडचण. १/६० ला पावसाच्या रेघा सुंदर येतात, पण मामी चालती असल्याने तीही पुसट येते. १/२५० ला मामी स्वच्छ, तर पावसाचे नुसते ठिपके. कुठे थांबू?

प्रतिसाद १

१/१२५ वर बघा. किंवा १/६० ठेवून मामींना दारात क्षणभर उभं राहायला सांगा.

धागाकर्ती

सांगितलं होतं. म्हणाली, "लावणीला दोन दिवस आलीस, एक मूठ लावली नाहीस, आता मला थांबवतेस?" १/१२५ च बघते.