हेलेस्पाँट ३२४: रोमन जहाजं सगळी निळी रंगवायची का?

डोलकाठी_पुणे

नमस्कार मंडळी. इ.स. ३२४ ची हेलेस्पाँटची (आजची दार्दानेल्स सामुद्रधुनी) लढाई १/१२०० स्केलच्या छोट्या जहाजांनी टेबलावर युद्धखेळ म्हणून मांडतोय. एकीकडे रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनचा मुलगा क्रिस्पस, दुसरीकडे प्रतिस्पर्धी सम्राट लिसिनियसचा नौदलप्रमुख अबँटस. व्हाइट मेटलची जहाजं घासून, धुऊन, प्रायमरसाठी तयार आहेत. गाडी अडलीय रंगापाशी. रोमन युद्धशास्त्रावर लिहिणारा व्हेजिशियस म्हणतो की नौका समुद्राच्या लाटांसारख्या निळ्या रंगवत, शिडं आणि दोरसुद्धा निळे. इथे तर दोन्ही बाजू रोमनच. दोन्ही आरमारं निळी केली तर खेळताना कुणाचं जहाज कुठलं, हे कळणार कसं? क्रिस्पसच्या शिडांवर खी-ऱ्हो (ख्रिस्ताच्या नावाची ग्रीक आद्याक्षरं) चिन्ह काढावं का? आणि या पावसात मॅट वार्निशचा स्प्रे मारावा का?

तांडेल

सगळं आरमार निळं करू नका. व्हेजिशियसच्या चौथ्या पुस्तकातलं ते प्रकरण सलग वाचा. तिथे तो मोठ्या लिबर्ना (वल्ह्यांच्या युद्धनौका) जहाजांबरोबर असणाऱ्या टेहळणीच्या होड्यांविषयी बोलतोय. एकेका बाजूला वीसेक वल्हेकरी असलेल्या या होड्या. शत्रूला अचानक गाठायचं, त्याची रसद अडवायची, त्याचा बेत हेरायचा, हे त्यांचं काम. ते दिवसाउजेडीही दिसू नये म्हणून शीड, दोर, लाकडाला फासायचं मेण आणि माणसांचे कपडे, सगळं निळं. रांग धरून लढायला उभ्या राहिलेल्या जहाजाला लपायची गरजच नाही. एका होडीबद्दलचं वाक्य अख्ख्या आरमाराला लावलेलं मी बऱ्याच टेबलांवर बघतो आणि मनापासून वाईट वाटतं, कारण त्याने त्या होड्यांचं वेगळेपणच पुसलं जातं.

मग मोठ्या जहाजांना रंग कुठला? रोमन लेखक थोरला प्लिनी सांगतो की जहाजं रंगवायला मेण वितळवून, त्यात रंग घालून ते कुंचल्याने लावत आणि तो रंग ऊन, खारं पाणी, वारा कशानेही बिघडत नसे. प्लिनी पहिल्या शतकातला, पण रंगीत मेण व्हेजिशियसकडेही आहेच. म्हणजे रंग द्यायला पूर्ण मुभा आहे. फक्त तो कुठे द्यायचा ते ठरवा. मी अंग काळपट तपकिरी ठेवतो, राळ-डांबर चोपडलेल्या लाकडासारखं, आणि रंग देतो तो नाळेला (जहाजाच्या पुढच्या टोकाला), वरच्या कडेच्या पट्ट्याला आणि मागच्या वळलेल्या शेपटीला. हातभर अंतरावरून बघणाऱ्याची नजर तिथेच जाते.

बाजू ओळखण्याचा प्रश्न इतिहासकार झोसिमसने सोडवून ठेवलाय. लिसिनियसची ३५० ट्रायरीम (वल्ह्यांच्या तीन रांगांची युद्धजहाजं) कुठून आली याची यादीच त्याने दिलीय: इजिप्तहून ८०, फिनिशियातून ८०, आयोनिया आणि आशियातल्या डोरियनांकडून ६०, आफ्रिकेतून ५०, सायप्रसहून ३०, बिथिनियातून ३०, कॅरियातून २०. सात तुकड्या! प्रत्येकीच्या शेपटीला एक रंग द्या. कुठल्या प्रांताला कुठला, हा आपला टेबलापुरता संकेत, पण असं आरमार पाहिलं की ते किती बंदरांतून गोळा केलं होतं ते न सांगता कळतं. क्रिस्पसकडे याच्या उलट करा. त्याच्या सेनानींनी उत्तम अशा ८० तीस-वल्ही नौका निवडून घेतल्या होत्या. त्यांना एकच रंग, बिनतडजोड. मी गेरूचा लाल घेतला असता. अबँटस २०० जहाजं घेऊन चिंचोळ्या जागेत घुसला आणि त्याची जहाजं एकमेकांच्या वाटेत आली. रंगांची ती गर्दी विरुद्ध इकडची शिस्त, हे टेबलावर नुसतं बघूनच समजलं पाहिजे.

कृती थोडक्यात. प्रायमर काळा नको, तपकिरी मारा. १/१२०० ला ट्रायरीम जेमतेम तीन सेंटिमीटर, तीस-वल्ही दोनाच्या आत, आणि एवढ्या लहान वस्तूवर रंग आहे त्यापेक्षा गडद दिसतो. म्हणून प्रत्येक रंगात थोडा फिकट बदामी मिसळायचा. शुद्ध पांढरा मिसळलात तर रंग खडूसारखा होतो. डेक फिकट, त्यावर तपकिरी वॉश (खाचांत मुरणारा पातळ रंग), वाळला की कडांवर जवळजवळ कोरडा ब्रश. वल्ही या स्केलला एकसंध पट्टीसारखी ओतलेली असतात, तेव्हा आधी गडद वॉश खाचांत मुरू द्या आणि मग फक्त उंचवट्यांवर हस्तिदंती रंग. वल्ही सगळ्यात शेवटी. घाईत तीच बिघडतात, आणि ती बिघडली की जहाज मेलेलं दिसतं.

शिडं लावूच नका. ही वल्ह्यांवरची लढाई, झुंजीआधी शिडं उतरवत. त्यामुळे खी-ऱ्होचा प्रश्नही तिथेच मिटतो. त्या काळचा ख्रिस्ती लेखक लॅक्टँटियस चिन्हाचं सांगतो ते ३१२ साली कॉन्स्टंटाइनच्या सैनिकांच्या ढालींवर.

ऱ्हाइनकाठ

तांडेल यांच्याशी सहमत. एक भर घालतो. मी फ्रँकफर्टजवळ राहतो, माइन्झच्या प्राचीन नौकानयन संग्रहालयात अनेकदा जाणं होतं. १९८१-८२ मध्ये तिथे नदीकाठी हॉटेलचा पाया खणताना चौथ्या शतकातल्या रोमन नौकांचे अवशेष सापडले. त्यावरून बांधलेली पूर्ण आकाराची प्रतिकृती समोर उभी आहे: ओकचं लाकूड, सुमारे २१ मीटर लांब, रुंदी तीन मीटरच्या आत, वल्हेकरी तीसेक. शेजारी उभं राहिलं की ती किती निमुळती आहे ते जाणवतं. क्रिस्पस आधी गॉलमध्ये (आजचं फ्रान्स आणि आसपास) सीझर, म्हणजे उपसम्राट, होता, ऱ्हाइनची सीमा त्याच्याकडे होती, म्हणून त्याच्या छोट्या जहाजांचा विचार करताना मला ही नौका आठवते. बांधणी नदीची आहे, काठ बुटके, तेवढं समुद्रावर जसंच्या तसं उचलू नका. प्रमाण मात्र डोळ्यांत बसवून घ्या.

मृण्मयी

सेनापतीचं जहाज वेगळं दाखवायचं असेल तर इतिहासकार प्रोकोपियसकडे फार सुंदर तपशील आहे. ५३३ साली पूर्व रोमन सेनापती बेलिसारियस आफ्रिकेवर निघाला तेव्हा त्याच्या तीन जहाजांच्या शिडांचा वरच्या कोपऱ्याकडून साधारण एक-तृतीयांश भाग लाल रंगवला होता आणि नाळेवर खांब उभे करून दिवे टांगले होते, दिवसा-रात्री मागच्यांना दिसावेत म्हणून. हेलेस्पाँटनंतर दोनशे वर्षांचा प्रसंग आहे, त्यामुळे ३२४ च्या जहाजावर नको, पण पुढचा प्रकल्प म्हणून नक्की घ्या. तिथे शिडं लावायचीच असतात.

डोलकाठी_पुणे

सात तुकड्यांची कल्पना एकदम पटली, आजच फिनिशियाची जहाजं वेगळी काढतो. बेसचा समुद्र कसा करू? वार्निशचंही सांगा.

तांडेल

आपल्या डोळ्यांत किनाऱ्याचा मातकट हिरवा समुद्र भरलेला असतो, तो तिथे नको. गडद निळ्यात थोडा हिरवा, आणि प्रवाहाच्या रेषा मार्माराकडून एजियनकडे, कारण वरचं पाणी तसंच वाहतं. फेस फक्त नाळेशी आणि वल्ह्यांच्या टोकांशी. दुसऱ्या दिवशी दुपारी दक्षिणेचा वारा सुटला आणि त्याने लिसिनियसची १३० जहाजं घालवली. तो डाव मांडणार असाल तर चार-पाच बेस जास्तीचे करून त्यांवर उलट्या दिशेने लाटा काढा.

स्प्रे आत्ता अजिबात नको. हवेतल्या दमटपणाने मॅट वार्निश पांढुरकं पडतं आणि खालचा गडद रंग झाकला जातो. ब्रशने लावायचं पाण्यातलं मॅट वार्निश घ्या, पंख्याखाली दोन पातळ हात द्या, पहिला पूर्ण वाळल्यावरच दुसरा. बेसवरच्या पाण्याला मात्र ग्लॉस, आणि तो शेवटी.