सुरुवात चासीपासून व्हावी

दुसऱ्या महायुद्धातील जीप पुन्हा उभी करताना आधी इंजिन उघडावे, असे काही जण सुचवतात. माझ्या मते मात्र सुरुवात चासीपासूनच, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्यापासूनच, व्हायला हवी. १९४१ ते १९४५ या काळात विलिस एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू या दोन कंपन्यांच्या जवळजवळ सारख्याच जीप बनल्या, त्यांचे बहुतेक सुटे भाग एकमेकींना बसतात, आणि म्हणूनच आज हाती येणारी गाडी अनेकदा दोन्हींचे मिश्रण असते. रेडिएटरखालचा चासीचा आडवा दांडा पाहावा: विलिसचा गोल नळीचा असतो, फोर्डचा उलट्या यू आकाराचा. हे ठरल्याशिवाय भाग जमवू नयेत.

गंजाची खरी जागा तळपत्र्याखाली असते. तेथील पोकळ पट्ट्यांत लाकूड बसवलेले असे. ते ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून खाल्ला जातो, त्यामुळे वरून नुसता रंग देणे म्हणजे दुखणे झाकणे होय.

२.२ लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन साधे आणि दणकट आहे. विजेची ६ व्होल्टची मूळ यंत्रणा मात्र, शक्य असेल तर, जरूर जपावी. तितक्याच शक्तीसाठी तिला १२ व्होल्टच्या दुप्पट प्रवाह लागतो. म्हणून जाड केबल आणि स्वच्छ अर्थिंग असेल, तर बहुतेक तक्रारी उद्भवतच नाहीत.

चाचणीच्या वेळी कोरड्या, पक्क्या रस्त्यावर इंजिनची शक्ती पुढच्या चाकांना जोडू नये (फोर-व्हील ड्राइव्ह लावू नये). ट्रान्स्फर केसमध्ये, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना शक्ती वाटणाऱ्या पेटीत, डिफरन्शियल (दोन्हींना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी रचना) नसल्यामुळे वळणावर सारा ताण गिअर आणि अॅक्सलवर येतो.