कटेला घातला की वाइन चढत नाही म्हणे! धन्य ती रत्नयादी

गोदाकाठचा_ड्वार्फ
काल एकाने आपल्या शनिवारच्या गेमच्या (टेबलाभोवती बसून, एकेक पात्र होऊन खेळायचा डंजन्स अँड ड्रॅगन्ससारखा खेळ) काल्पनिक जगाची रत्नयादी टाकली. नाशिकवर बेतलेलं राज्य, द्राक्षमळे, पांडवलेणी, घाट, सगळं झकास, पण कटेल्यापाशी, त्या जांभळ्या दगडापाशी, आलो आणि डोकंच फिरलं. लिहिलंय की "कटेला म्हणजे अमेथिस्ट, आपल्या ऋषीमुनींनी हजारो वर्षांपूर्वी सांगितलंय की हा धारण केला की मद्य चढत नाही, म्हणून राज्यातल्या प्रत्येक सरदाराच्या बोटात तो असतो."

कुठले ऋषी रे बाबा? ही समजूत ग्रीकांची, आणि रोमच्या प्लिनी नावाच्या लेखकाने पहिल्या शतकातच तिला मांत्रिकांची थाप म्हटलंय. मद्याचा देव बॅकस आणि अमेथिस्ट नावाच्या पोरीची जी गोष्ट सांगतात ती तर त्याहून अलीकडची, रेमी बेलो नावाच्या फ्रेंच कवीने १५७६ मधे रचलेली. तिथून ते सगळं गेममधे आलं, डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या १९७९ च्या डंजन मास्टरच्या (डीएम, म्हणजे खेळ चालवणारा) पुस्तकात रत्नांच्या गुणांचा तक्ता आहे त्यात अमेथिस्टपुढे हेच छापलंय, नशा आणि गुंगी येत नाही. म्हणजे अमेरिकन तक्ता उचलला आणि वर ऋषींचा शिक्का मारला. आपल्या नवरत्नांत कटेला नाहीच, ज्योतिषी तो शनीसाठी देतात, नीलम परवडत नाही त्याला.

बरं थाप तर थाप, फँटसी आहे, पण विचार तरी कर. द्राक्षांवर जगणारं राज्य आणि सगळ्या बड्या लोकांना वाइन चढतच नाही, मग ती विकत कोण घेणार? मळेवाल्यांनी पहिल्याच वर्षी कटेल्यावर बंदी आणली असती. आणि जो दगड सगळ्यांकडे आहे त्याची जादू कसली. खऱ्या दगडाकडे बघ ना जरा. अमेथिस्ट उन्हात ठेवला की रंग उडतो, भट्टीत तापवला की पिवळा होतो आणि सिट्रीन या पिवळ्या रत्नाच्या नावाने विकला जातो. यातून केवढं करता येईल! दिवसा घाटावर मिरवणाऱ्या सरदाराचा दगड फिका पडत गेलाय आणि त्याला माहीतच नाही, दरबारात तो बिनधास्त पितोय. भाजलेल्या पिवळ्या दगडाची ताकद उलटी, पाण्यानेही झिंग येते. हे सोडून तू एका ओळीत विषय संपवलास.

शनिवारचा_डीएम
आला, परीक्षक आला. ऑफिस सांभाळून रात्री जागून यादी केलीये मी, फुकट खेळायला मिळतं, वर चिवडा पण माझ्या घरचा. तुला ड्रॅगन चालतो, बोलणारी तलवार चालते, ऋषी मात्र पुराव्यासकट पाहिजेत. माझ्या जगातले ऋषी आहेत ते, मी म्हणेन ते सांगतील.

गोदाकाठचा_ड्वार्फ
मग "आपल्या" कशाला लिहिलंस? आणि चिवड्याचा विषय काढू नको, शेंगदाणे मी आणतो.

पंचवटी_पक्या
रत्नांचं नावच काढू नका भो. आमच्या आत्याच्या मिस्टरांना साडेसातीत एकाने नीलम घालायला लावला, का तर दुकान चालत नव्हतं. पैसे उधार घेऊन घातला. तीन दिवस उशीखाली ठेवून स्वप्नं बघायची, चांगली पडली तर घालायचा असा नियम असतो, तर काकांना स्वप्नच पडेना, झोप लागली तर पडणार ना, उधारीच्या टेन्शनमधे. शेवटी अंगठी मोडायला गेले तर सराफाने बघून सांगितलं हा नीलम नाहीच. ज्याने दिला तो म्हणतो तुमची श्रद्धा कमी पडली. डीएम भाऊ, हे टाका तुमच्या जगात, श्रद्धेवर चालणारी खोटी रत्नं, एकदम रिअलिस्टिक.

स्यमंतक_माया
तुम्हा दोघांचंही अर्धवट आहे. ड्वार्फदादा ग्रीक, फ्रेंच, अमेरिकन सगळं सांगून मोकळे, पण घरात काय आहे ते बघायचं नाही. गरुडपुराणात रत्नं कुठून आली ते आहे, बलासुराच्या देहातून. हाडांचे हिरे, दातांचे मोती, रक्ताचं माणिक, डोळ्यांचे नीलम, पित्ताचा पाचू. म्हणजे प्रत्येक रत्न एका मेलेल्या असुराचा तुकडा. यापेक्षा जबरदस्त सुरुवात कुठल्या गेमकडे आहे सांगा! सगळी रत्नं एकत्र आली तर काय उठून बसेल, इथून अख्खं कॅम्पेन, म्हणजे महिनोन्महिने चालणारी खेळाची गोष्ट, निघतं.

आणि जादूला अट हवी म्हणाल तर पुराणातला स्यमंतक मणी घ्या. रोज आठ भार सोनं देतो, जिथे पूजा होते तिथे दुष्काळ नाही, रोगराई नाही, पण अशुद्ध माणसाने घातला तर त्याचाच जीव घेतो. प्रसेन तो गळ्यात घालून शिकारीला गेला आणि सिंहाने मारला, आळ कृष्णावर. गणेश चतुर्थीला चंद्र दिसला की आजी हीच गोष्ट ऐकवायची. मण्याची ताकद, त्याची अट आणि अट मोडल्यावर भलत्याच माणसाला होणारा त्रास, सगळं एका गोष्टीत.

शनिवारचा_डीएम
हे बघ, असं बोलावं माणसाने. बलासुर घेतला.

गोदाकाठचा_ड्वार्फ
वा! मी चुका काढल्या की परीक्षक, ताईंनी काढल्या की आशीर्वाद. असो, बलासुर चांगला आहे, नाइलाजाने मान्य.

तांबटलेन_९९
रत्नांवर एवढं चाललंय आणि नासक हिऱ्याचं कोणी नावही घेत नाही. त्र्यंबकेश्वराचा हिरा, इंग्रजांनी देवळातून लुटून नेला, त्याला शाप आहे. तो परत आणायचा हेच कॅम्पेन पाहिजे.

गोदाकाठचा_ड्वार्फ
देवळातून नाही. १८१८ ला इंग्रजांच्या हाती लागला तो दुसऱ्या बाजीरावाकडून.

तांबटलेन_९९
म्हणजे पेशव्यांनी चोरला म्हणायचंय का तुला? तोंड सांभाळून बोल. ते देऊळ बांधलं कोणी ते माहितीये ना?

गोदाकाठचा_ड्वार्फ
नानासाहेब पेशव्यांनी, आणि चोरला असं मी कुठेही लिहिलेलं नाही, परत वाच. देवळातला हिरा पेशव्याकडे कसा गेला हा प्रश्न मात्र गेमसाठी सोन्यासारखा आहे. सांभाळायला दिला, का युद्धासाठी काढला, का पुजाऱ्यांनीच पळवून नेला. तुमच्या शापापेक्षा यात जास्त दम आहे. परदेशात हिरा म्हटला की शाप चिकटवायचा हा व्यापाऱ्यांचा धंदा, त्याने भाव वाढतो.

तांबटलेन_९९
भाव वाढतो म्हणे. आमच्या घरात पिढ्यानपिढ्या सांगतात. तू कॉलेज रोडला कॅफेत बसून इतिहास शिकवू नको.

स्यमंतक_माया
भांडा खुशाल, पण तो हिरा आता तेवढा राहिलाय का? लंडनला एकदा पैलू पाडले, मग १९४० ला हॅरी विन्स्टन या अमेरिकन जवाहिऱ्याने परत कापला, आता ४३.३८ कॅरट, मूळच्या निम्माच. मग जादू पण निम्मी का? का कापून पडलेल्या चुऱ्यात गेली?

शनिवारचा_डीएम
नियमाने बघायला गेलं तर गेममधे हिऱ्याचं वजन नाही, किंमत बघतात. मेलेल्याला लगेच उठवायच्या मंत्राला ३०० सोन्याच्या मोहरांचा हिरा लागतो, उठवायच्या सगळ्यात वरच्या मंत्राला २५,००० चा. कापल्यावर किंमत वाढली तर जादू वाढली.

पंचवटी_पक्या
थांबा थांबा. म्हणजे मी सराफ बाजारात घासाघीस करून ३०० चा हिरा २५० ला आणला तर आमचा मेलेला माणूस उठणार नाही??

शनिवारचा_डीएम
किंमत म्हणजे बाजारभाव, तू काय दिले ते नाही.

पंचवटी_पक्या
बाजारभाव कोण ठरवतं? आमच्या आत्याच्या मिस्टरांचा नीलम घेताना एक भाव आणि मोडताना एक भाव होता. मंत्र कुठला धरणार?

गोदाकाठचा_ड्वार्फ
पक्या, आयुष्यात पहिल्यांदा कामाचं बोललास. किंमतीवर जादू चालते हा नियमच मला कधी पटला नाही, तो फक्त खेळाडूंचा खिसा हलका करायला आहे. म्हणून तर म्हणतोय, दगडाच्या अंगच्या गुणावरून ताकद ठरवा.

सिन्नरकर_दगडू
तुम्ही शहरवाले ग्रीसला जाऊन आलात, लंडनला जाऊन आलात, सिन्नरला एमआयडीसीत गारगोटी संग्रहालय आहे तिथे जा की. आपण बसलोय ते सगळं सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यावर, त्याच्या काळ्या दगडातल्या, बेसाल्टमधल्या, पोकळ्यांत हे स्फटिक वाढतात. माइनक्राफ्ट या कॉम्प्युटर गेमवाल्यांनासुद्धा कळलं, त्यांच्या अमेथिस्टच्या गोळ्याला बाहेरून बेसाल्टचं कवच, मग कॅल्साइट हा पांढरा दगड, मग आत अमेथिस्ट. २०२१ पासून पोरं ते फोडतायत आणि आपण खऱ्या काळ्या दगडावर बसून ऋषींवर भांडतोय.

आमच्या आजोबांच्या विहिरीच्या खोदाईत असला गोळा फुटला होता, आत हिरवट-पांढरे सुया-पानांसारखे स्फटिक, एक व्यापारी आला आणि पिशवीभर दगड किरकोळ पैशात घेऊन गेला. नंतर कळलं असले नमुने परदेशात केवढ्याला जातात. विहिरीला पाणी लागलं नाही ते नाहीच. तर मुद्दा असा की इथला खरा दगड झिओलाइट, हे असल्या स्फटिकांच्या घराण्याचं नाव. स्कोलेसाइट, स्टिल्बाइट, ह्युलँडाइट हे त्यातले. यांच्या आत पाणी असतं, तापवलं की सोडतात, गार झाले की हवेतलं परत ओढून घेतात. दुष्काळी तालुक्याच्या जमिनीखाली पाणी धरून बसलेला दगड, याला अजून कुठली जादू चिकटवायची?

गोदाकाठचा_ड्वार्फ
हे. हे मी सकाळपासून सांगतोय.

सिन्नरकर_दगडू
तुम्ही सकाळपासून फ्रेंच कवी सांगताय.

शनिवारचा_डीएम
ठरलं. कटेला यादीतून काढत नाही, पण "ऋषी" काढून "परदेशी व्यापारी सांगतात" करतो, खरं-खोटं खेळाडूंनी शोधा. झिओलाइटचा जलमणी टाकतो, एक मणी एका गावाची तहान भागवतो, पण विस्तवावर धरावा लागतो आणि परत भरायला अख्खा पावसाळा लागतो. नासक हिरा दुसऱ्या भागात. तांबटलेन, शाप ठेवतोय, खूश?

तांबटलेन_९९
बघू. पेशव्यांना व्हिलन केलंस तर मी येणार नाही.

पंचवटी_पक्या
एक शंका. धरणाच्या वरच्या गावात जलमणी सापडला तर त्यातलं पाणी जायकवाडीला सोडावं लागणार का?

सिन्नरकर_दगडू
सोडावंच लागणार, आणि आधी कोर्टात तारीख पडणार.