मदत हवी आहे: आयएनयूपी या सरकारी योजनेतून क्लीनरूम (धूळमुक्त प्रयोगशाळा) कुणी वापरलीय का?
नमस्कार मंडळी, मी नांदेडला फिजिक्समध्ये पीएचडी करतेय. विहिरीच्या पाण्यातलं कीटकनाशक प्रकाशाने ओळखणारा सेन्सर बनवायचाय. काचेवर सोन्याचा साधारण 50 नॅनोमीटरचा थर लागतो. फार जाड झाला की सिग्नल गेलाच. आमचा थर धुताना पापुद्र्यासारखा सुटतो. सोनं काचेला घट्ट धरून राहावं म्हणून खाली क्रोमियमचा पातळ थर हवा, पण व्हॅक्यूम न तोडता, म्हणजे मध्ये हवा लागू न देता, दोन्ही धातू चढवायची सोय इथे नाही.

आयआयटी मुंबई आणि बंगळूरची आयआयएससी आयएनयूपीमधून बाहेरच्यांना क्लीनरूम वापरू देतात. मराठवाड्यातून कुणी गेलंय का? प्रस्तावात प्रोसेसचे टप्पे किती बारकाईने लिहावे लागतात? आणि पेपरवर कुणाची नावं, हे आधीच लेखी ठरवलं होतं का? आमचे सर म्हणतात, ‘नंतर बघू.’ मला काही ते पटत नाही.