यादीतलं गाठोडं आधी सोडा

चालढकल थांबवायची तर यादी करा, 'यादी केली की काम सुरू होतं', असं म्हणतात. मला ते अर्धंच पटलं. माझ्या यादीत 'अहवाल पूर्ण करणे' ही ओळ तीन आठवडे ठाण मांडून बसली होती. ते एक काम नव्हतंच, दहा कामांचं गाठोडं होतं. त्याजागी 'फाइल उघडून फक्त मथळा लिहिणे' असं लिहिलं, तेव्हा कुठे हात हलला.

स्वतःला आळशी म्हणून दूषणं देण्यातही मी बरेच दिवस घालवले (तीही चालढकलच!). खरं तर आपण काम टाळत नसतो, ते आठवलं की पोटात येणारा गोळा टाळत असतो.

पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाची 'जर-तर' योजना मात्र कामी आली. 'उद्या बघू' ऐवजी 'आंघोळ झाली की लगेच फाइल उघडायची'. कधी ते आधीच ठरलेलं, त्यामुळे ऐन वेळी मनाशी घासाघीस नाही.

पोमोडोरो पद्धतीत गजर लावून सलग २५ मिनिटं काम करायचं असतं, पण चालढकलीच्या दिवसांत ती २५ मिनिटं मला डोंगराएवढी वाटतात. मी पाचच मिनिटांचा गजर लावते, वाजला की उठायची पूर्ण मुभा. बहुतेकदा उठत नाही. परवा उठले, पण मथळा लिहून झाला होता.